धुळीवर पाणी मारणारा टँकर

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. खडीच्या खाणीमागे, हवा गेलेल्या टायरांवर मी उभा असतो. गंजाने माझ्या टाकीची चाळण झाली आहे.

एका वेल्डिंगच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. जुन्या ट्रकवर गोल टाकी बसवली, मागे भोकाभोकांची आडवी नळी जोडली. काम एकच. खाणीतून मोठ्या रस्त्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर पाणी मारायचं. त्या वाटेने दिवसभर खडीचे डंपर धावत. मी फिरलो की धूळ बसे आणि वाटेकडेच्या बायका खिडक्या उघडत.

माझा चालक अबोल होता. त्याच्या धाकट्या बहिणीचं घर वाटेच्या वळणावर होतं. तिचा नवरा तिथेच झेंडा दाखवून डंपर थांबवायचा, सोडायचा. मी दिसलो की तो हसून म्हणे, "या मेहुणे, घाला आम्हाला आंघोळ."

पुढे मालकांना वाटलं, धुळीसाठी एवढं डिझेल कशाला जाळायचं? तपासणीला कोणी येणार असेल तेव्हाच मला बाहेर काढू लागले. चालकाला डंपरवर घातलं.

"दादा, झाकलेल्या भांड्यातही धूळ जाते," बहीण त्याला म्हणाली. "यांचा खोकला थांबत नाही. तू सांग ना साहेबांना."

तो मॅनेजरकडे गेला. "बघू," मॅनेजर म्हणाला. पुन्हा गेला, तेव्हाही तेच.

एका वाऱ्याच्या सकाळी पुढच्या डंपरची धूळ वळणावर दाटून राहिली होती. चालकाला झेंडा दिसला नाही, माणूसही दिसला नाही. धक्का बसला म्हणून तो खाली उतरला, तर चाकाखाली मेहुणा होता.

लगेच मला सुरू केलं. दुसऱ्याच कोणीतरी मला त्या वाटेवर फिरवलं. पोलीस आले तेव्हा रस्ता ओला होता.

"आम्ही रोज पाणी मारतो," मॅनेजर म्हणाला. "या चालकाचंच लक्ष नव्हतं."

तेव्हा चालकाची बहीण पोलिसांपुढे आली.

"पाणी आत्ता मारलंय, साहेब. घरात या. ताटं बघा, अंथरुणं झटकून बघा. ही एका दिवसाची धूळ नाही."

पोलीस साहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा ते रुमालाने हात पुसत होते.

खाण काही महिने बंद राहिली. रोज पाणी मारायच्या अटीवर पुन्हा उघडली आणि नवा टँकर आला. माझा चालक सुटला, पण स्टिअरिंगला त्याने परत हात लावला नाही. बहिणीने त्याला वाचवलं खरं, पण तो तिच्या दारात जात नाही आणि तीही त्याला बोलवत नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको, टायरही नकोत. कुठे खाणीची वाट छान ओली दिसली, तर तिथे राहणाऱ्यांना एवढंच विचारा, काल पाणी मारलं होतं का?