वरच्या मजल्यावरचा भाडूत

रघुनाथने चहाचा कप खाली ठेवला आणि बिलावर बोट टेकवलं.

"आप्पा, घोळ इथे आहे. जागाच जास्त लिहिली आहे. तुमचं घर एवढं आहे का, तुम्हीच सांगा."

पंडित महाले यांनी आपल्याच घराकडे पहिल्यांदा आल्यासारखं पाहिलं. सुरतेतल्या भेस्तानच्या एका सोसायटीतलं दोन मजली रो हाउस. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि मोरी, वर एक खोली. उधन्याच्या लूम खात्यात तीस वर्षं संचे, म्हणजे माग, चालवून घेतलेलं. ते मोठं की छोटं, हा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता.

घरपट्टीला सुरतेत घरवेरा म्हणतात, आणि खानदेशातून आलेली माणसंही आता तोच शब्द वापरतात. गेल्या वर्षी महाल्यांचा घरवेरा दोन हजार एकशे पन्नास आला होता. यंदा तीन हजार चारशे. ओळीतल्या बाकी कुणाचा वाढला नव्हता. बिल येऊन आठवडा होत नाही तोच रघुनाथ दारात हजर झाला होता. तो मूळचा अमळनेरकडचा, म्हणजे आपल्याच भागातला. त्याच्या कार्डावर छापलेलं होतं, 'घरवेरा निम्मा. हमखास.'

"माझी फी अडीच हजार," तो म्हणाला. "पाचशे आज, बाकी काम झाल्यावर. तुम्ही कुठे जायचं नाही, कुणाची सही आणायची नाही. सगळं मी बघतो."

सहीचं ऐकताच पंडितरावांचा हात खिशाकडे गेला. त्यांच्या बायकोने, उषाबाईंनी, ते पाहिलं आणि त्या चक्रावल्या. रिक्षाचे वीस रुपये वाचवायला स्टेशनपासून भाजीच्या पिशव्या उचलून चालत येणारा हा माणूस, आज न भांडता पाचशे काढतोय?

"पाचशे उद्या," त्या म्हणाल्या. "सुट्टे नाहीत."

"पाचशेची एक नोट दिली तरी चालेल, काकू."

"तीच सुट्टी नाही."

रघुनाथ हसला. उठताना त्याने जिन्याकडे मान वळवली. "तुमचा भाचा एक तारखेला तिकडे सचिन गावाला राहायला जातोय म्हणे? बरं होईल. वरची खोली रिकामी असली की आपली केस सोपी."

उषाबाईंनी कप उचलले.

वाल्मिक हा पंडितरावांच्या बहिणीचा मुलगा. पाच वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन आला, तेव्हापासून वरच्या खोलीत. सचिनच्या एका डाइंग मिलमध्ये त्याची रात्रपाळी असे. सकाळी येऊन तो आधी टाकी भरायचा, महाल्यांच्या नातीला, चंचलला, शाळेच्या रिक्षात बसवायचा आणि मग झोपायचा. पंधरा दिवसांपूर्वी त्याने जेवताना खाली बघत सांगितलं होतं, "मामी, मी सचिनला खोली बघितली आहे. कंपनीला जवळ पडेल."

पाच वर्षं सचिन लांब नव्हतं, ते अचानक कसं लांब झालं, हे उषाबाईंना कळेना. जेवण आवडत नाही का? नाही. कुणी बोललं का? नाही. पंडितराव तेवढं म्हणाले, "जाऊ दे, तरुण पोरगा शे." आणि त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली.

महाल्यांच्या घरी भाच्याचा मान मोठा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पानावर बसण्याआधी पंडितराव त्या पंचवीस वर्षांच्या पोराच्या पाया पडत. तो दरवर्षी लाजून पाय मागे घेई, ते दरवर्षी ओढून पुढे घेत. असा भाचा खोली शोधून निघाला होता, आणि त्याला याहून जास्त खोदून विचारायची सोय नव्हती.

संध्याकाळी उषाबाई बिल घेऊन तीन घरं पलीकडे अरविंद सरांकडे गेल्या. सर मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. रविवारी त्यांच्या ओट्यावर गल्लीतली आठ-दहा मुलं जमत, चंचलसुद्धा. सरांनी बिल पुढून वाचलं, मग उलटं करून मागून वाचलं.

"उषाबाई, मागे लिहिलंय. बिल पटत नसेल तर तीस दिवसांत झोन ऑफिसमध्ये वांधा अरजी द्यायची. तक्रारीचा अर्ज. फॉर्म फुकट."

"आणि रघुनाथचे अडीच हजार?"

"ते बहुतेक बिलाची मागची बाजू वाचून दाखवण्याचे." सरांनी बिल परत दिलं. "तो म्हणतो जागा जास्त लिहिली. मग मोजू या की. नाहीतरी उद्या मुलांना क्षेत्रफळ शिकवायचंच आहे. वहीतला आयत मोजून कंटाळलीत बिचारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वर्ग महाल्यांच्या हॉलमध्ये भरला. उषाबाई घरी साड्यांना लेस लावत, त्यामुळे साडी मापायची लांब कापडी टेप घरातच होती. चंचलने एक टोक भिंतीला लावलं, दुसरीकडून शेजारची धनश्री ओरडली, "तीन मीटर साठ." मग लांबी, चार मीटर दहा. सगळ्यांनी वहीत गुणाकार केला आणि आनंदात जाहीर केलं की हॉल बिलापेक्षा मोठा आहे.

"म्हणजे घरवेरा आणखी वाढणार?" उषाबाई दारातूनच म्हणाल्या.

सर टेपकडे बघत होते. "चंचल, आपली टेप कुठून सुरू होते?"

चंचलने टोक डोळ्यांपाशी नेलं. आधीचा तुकडा कधीच फाटून गेला होता. टेप दहा सेंटिमीटरपासून सुरू होत होती.

"आजीने चिंधी बांधायला घेतला होता," ती म्हणाली.

"कुणी घेतला ते सोड. मग आपण काय करायचं?"

सरांना घाई नव्हती. ते पंख्याकडे बघत राहिले. शेवटी धनश्रीने हळूच विचारलं, "प्रत्येक मापातून दहा वजा?"

"करून बघ."

साडेतीन गुणिले चार, चौदा. बिलातही हॉल चौदाच चौरस मीटर होता. मग स्वयंपाकघर, मग मोरी. मोरीत दोन मुलं भिजली, पण आकडा बिलाशी जुळला. वरची खोली हॉलच्या बरोबर वर होती, तीही बिलात चौदाच लिहिलेली. वाल्मिक झोपलेला म्हणून तिथे कुणी गेलं नाही.

"घोळ जागेत नाही," सर म्हणाले. "रघुनाथने टेप लावलीच नव्हती. मग घोळ कुठे आहे? बिल पुन्हा वाचा. एकेक ओळ."

चंचल शाळेत गुजरातीही शिकत होती. ती बोटाने ओळी लावत वाचू लागली. नाव बरोबर. पत्ता बरोबर. तळमजला, वापर स्वतःचा. "पहिला मजला," ती म्हणाली, "वापर, भाडूत."

"भाडूत म्हणजे?" एका लहानग्याने विचारलं.

"जो भाडं देऊन राहतो तो," सर म्हणाले. "आपण स्वतः राहिलो तर घरवेऱ्याचा दर कमी. भाड्याने दिलं तर जास्त, कारण त्यातून कमाई होते."

"पण वर तर वाल्मिककाका राहतो. तो कुठे भाडं देतो?"

उषाबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. पंडितराव एव्हाना खिडकीच्या गजावरची धूळ बोटाने पुसत होते.

"सर," ते म्हणाले, "जरा मागे येता का? दोन मिनिटं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लूम खात्यात शंभर संचे एकदम चालतात, तेव्हा शेजारच्या माणसाला पाणी हवं असलं तरी ओरडून मागावं लागतं. तिथे तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुजबुजता येत नाही. त्याला मात्र वाटतं, आपण कुजबुजतोय. पंडितराव सरांना मोरीपाशी घेऊन गेले, दार लोटलं, तोंडावर हात धरला आणि कुजबुजले. पलीकडच्या घरी कुकरची शिट्टी वाजत होती, ती त्या कुजबुजीत ऐकू आली नाही.

"सर, चूक मनी शे, माझीच. डिसेंबरात मोजणीवाला आला. उपर कोण रहे छे, म्हणे. मी म्हटलं, भाचा. तर म्हणे, भाडुं आपे छे? आणि त्याच वेळी वाल्मिक ब्रश तोंडात धरून जिन्यावर उभा. आता मी काय सांगू? माझा भाचा, माझ्या बहिणीचा पोरगा, आणि परक्या माणसासमोर म्हणू की हा फुकट राहतो? पोराला काय वाटलं असतं? मी म्हटलं, देतो. तो लिहून निघून गेला."

"बरं," सर म्हणाले. त्यांचा आवाज हॉलमध्ये ऐकू आला नाही.

"मी विचारून आलो ऑफिसात. फॉर्म फुकट आहे, माले माहीत शे. पण त्यावर लिहायचं, वरचा माणूस भाडं देत नाही, आणि खाली त्याची सही. तो कागद त्याच्यापुढे कसा ठेवू? त्याला वाटेल, मामाने जाता जाता हिशोब काढला. त्यापेक्षा रघुनाथचे अडीच हजार गेले तरी चालतील."

दार उघडून ते बाहेर आले तेव्हा हॉलमध्ये सगळी मुलं गप्प बसली होती. गल्लीतला भाजीवालाही गाडी थांबवून उभा होता.

"आजोबा," चंचल म्हणाली, "सगळं ऐकू आलं."

पंडितरावांनी वर पाहिलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर बनियनमध्ये वाल्मिक उभा होता, केस विस्कटलेले, डोळे अर्धे झोपेत.

सरांनी मुलांना वह्या मिटायला सांगितलं, पण एकानेही मिटली नाही.

"मामा," वाल्मिक म्हणाला, "मोजणीवाल्याला तुम्ही सांगितलं ते मी तेव्हाच ऐकलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, तुम्हाला भाडं हवंय आणि तोंडाने मागता येत नाही. म्हणून असं दुसऱ्याला सांगून मला ऐकवलं."

पंडितरावांनी जिन्याचा कठडा धरला.

"मी द्यायचा विचार केला," वाल्मिक खालची पायरी बघत बोलत होता. "दोनदा पैसे पाकिटात घालून खाली आलो. पण मामाच्या हातात भाडं ठेवायचं म्हणजे चप्पल मारल्यासारखं. घरी आईला कळलं तर ती मला दारात उभं करणार नाही. मग म्हटलं, आपणच निघावं. कुणाला काही बोलायला नको."

"पाच महिने तू हे डोक्यात घेऊन टाकी भरत व्हतास?" उषाबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही," त्या नवऱ्याकडे वळल्या, "तुम्ही हे मोरीत सांगता, गल्लीला. घरात बायको शे, तिले नाही."

"मी हळूच सांगितलं," पंडितराव म्हणाले.

भाजीवाला हसला आणि गाडी ढकलत पुढे गेला. मग धनश्री हसली, मग सगळी मुलं. वाल्मिक पायऱ्या उतरून खाली आला आणि चंचलच्या शेजारी जमिनीवर बसला.

"सर, फॉर्म कुठे मिळतो?"

सोमवारी वाल्मिकने झोप सोडली आणि तो, मामा आणि सर असे तिघं झोन ऑफिसला गेले. फॉर्म एका खिडकीवर मिळाला, तो खरंच फुकट होता. वाल्मिकने लिहायला घेतलं. आधी लिहिलं, मी माझ्या मामाच्या घरी राहतो, भाडं देत नाही. मग पेन थांबलं नाही. मी रोज पाण्याची टाकी भरतो, लाइट गेली तर फ्यूज बघतो, चंचलला रिक्षात बसवतो, दिवाळीला रंग दिला होता.

सरांनी ते वाचलं. "छान लिहिलंस. फक्त पहिलं वाक्य त्यांना हवंय. बाकीचं घरी सगळ्यांना माहीत आहे."

वाल्मिकने नवा फॉर्म आणून एकच वाक्य लिहिलं आणि खाली सही केली. सही होईपर्यंत पंडितराव नळाकडे जाऊन पाणी पीत होते. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिला, शिक्का मारला, पोचपावती दिली आणि सांगितलं की एक माणूस येऊन बघून जाईल.

बाहेर आल्यावर पंडितरावांचा फोन वाजला. रघुनाथ होता. "आप्पा, पाचशेचं काय करायचं?"

"सुट्टे झाले नाहीत अजून," पंडितराव म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

एक तारीख आली आणि गेली. सचिनच्या खोलीचं वाल्मिकने फोन करून रद्द केलं. त्या दिवशी उषाबाईंनी शेवभाजी केली आणि कशासाठी केली ते कुणाला सांगितलं नाही.

दहा तारखेला ऑफिसचा माणूस आला. हातात टॅब, चेहरा घामेजलेला. पंडितरावांनी त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. त्याने जिन्याकडे बोट केलं आणि विचारलं, वर कोण राहतं?

"भाचा."

"भाडुं आपे छे?"

वाल्मिक नुकताच झोपला होता. पंडितरावांनी जिन्याकडे एकदा पाहिलं, पुढे वाकून त्या माणसाच्या कानाशी तोंड नेलं, हाताचा आडोसा धरला आणि कुजबुजले, "नाही. एक पैसा नाही. पण हळू बोला, पोराला ऐकू जाईल."

माणूस दचकून मागे सरकला आणि टॅब सावरला.

वरून वाल्मिकचा झोपाळलेला आवाज आला, "ऐकू आलं, मामा. लिहू द्या त्यांना."