नारदाच्या गादीवरचा शब्द

“येता चातुर्मास दाभोळास,” रावजीबुवा कीर्तनातच म्हणाले, “आषाढी ते कार्तिकी, रोज हरिकथा. आणि पेटीवर आमची राहीच.”

देवळात टाळ्या पडल्या. दाभोळहून आमंत्रण घेऊन आलेल्या गंगाराम तांडेलाने बसल्या जागेवरून हात जोडले. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवल्या की सगळा गाव मोकळा. चार महिने कानांवर देवाचं नाव पडेल, याहून त्याला काय हवं होतं?

राहीचा डावा हात भात्यावर चालत राहिला. उजव्याची बोटं मात्र एकाच पट्टीवर अडून बसली. नारदाच्या गादीवर उभं राहून बुवाने शब्द दिला म्हणजे देवासमोर संकल्पाचं पाणी सोडलं. असा शब्द कुणी मागे घेतल्याचं रत्नागिरीत ऐकिवात नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालचा चैत्र. चारच दिवसांपूर्वी कॉलेजच्या पत्त्यावर मुंबईच्या एका औषध कंपनीचं पत्र आलं होतं : निकाल लागताच, दोन जुलैला प्रयोगशाळेत रुजू व्हावं. बी.एस्सी.च्या शेवटच्या दोन वर्षांत तिने दुसरं केलं तरी काय होतं? सुट्टीतसुद्धा केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये थांबायची. मुळ्येसरांकडून इंग्रजी अर्ज तीनतीनदा दुरुस्त करून घ्यायची. बाबांना सांगायला मात्र बरा दिवस शोधत राहिली. परीक्षा झाली की सांगू, म्हणत राहिली.

पूर्वरंग संपला. नामाचा गजर सुरू झाला, बुवांना हार घालायला, बुक्का लावायला माणसं पुढे सरकली. तबल्यावरचा सदूकाका राहीकडे वाकला. “चार म्हैने दाभोळात, नि चातुर्मास म्हणून मासा एक नाय. नशीब बघ गो आपलं.”

राही हसली नाही. पेटी सोडून ती बुवांच्या कानाशी गेली.

“बाबा, मला मुंबईस नोकरी लागल्ये. जुलैपासून.”

कुणाचं तरी बोट बुवांच्या कपाळावर बुक्का लावत होतं. तेवढा वेळ ते डोळे मिटून राहिले.

“आधी नाय सांगायचंस गो?”

“धीर होत नव्हता.”

“मग आत्ता सभेची माफी मागतो. शब्द परत घेतो. पोरीसाठी माफी मागितली तर देवही क्षमा करील नि तांडेलही.”

ते खरंच सभेकडे वळले. राहीने त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं.

गेल्या वर्षभरात बुवांचं आख्यान मध्येच अडू लागलं होतं. जन्मभर पाठ असलेली ओवी ओठांवर येऊन विरून जायची. अशा वेळी राही सूर धरून ठेवायची, पुढचा शब्द हळूच गुणगुणायची, आणि सभेला वाटायचं, बुवांची भावसमाधी लागली. दुसरा पेटीवाला हे कसं सांभाळणार? आणि बुवांना ते सांगायचं तरी कसं? कुणाला काही कळलेलं नाही, याच समजुतीवर ते उभे राहत होते.

“नको,” ती म्हणाली. “मलाच जायचं नाय. तिथलं पाणी मला मानवायचं नाय.”

“खरं?”

“गादीजवळ उभी राहून खोटं बोलेन का, बाबा?”

बुवांचा चेहरा असा काही उजळला, की तिला तिकडे बघवेना. गादीला हात लावून तिने तो कपाळाला टेकवला आणि जाऊन पेटीवर बसली.

सोमवारी शेवटचं प्रॅक्टिकल होतं. मुळ्येसर फिरत फिरत तिच्या टेबलाशी थांबले. थेंबाथेंबाने द्रावण सोडत राहीने फिकट गुलाबी छटा दिसताक्षणी ब्युरेटच्या काचनळीची तोटी बंद केली. तिन्ही वेळची रीडिंगं एकसारखी आली.

“हा हात कंपनीला आवडेल,” सर म्हणाले.

“सर, त्यांना नाही म्हणून कळवलं.”

सरांनी तिची वही मिटली. “का गं?”

“घरचं आहे.”

घंटा झाली, मुली भराभर निघून गेल्या. राहीने ब्युरेट तीनदा धुतली, स्टँडला उलटी लावली, टेबल पुसलं आणि आतलं पाणी निथळेपर्यंत तिथेच उभी राहिली.