दुसऱ्या दिवसाची सायकल

डोळे न उघडताच सुरुचीने आधी उजव्या हाताची बोटं हलवून पाहिली. हलली. मग पायाची. तीही हलली.

काल परळच्या हॉस्पिटलात तिने तोंडाला श्वास मोजणारा मास्क लावून चाचणीची सायकल चालवली होती. आज पुन्हा चालवायची होती. क्रॉनिक फटिग सिंड्रोमवरच्या, म्हणजे थोड्या श्रमांनीही माणसाला अंथरुणाला खिळवणाऱ्या आजारावरच्या, संशोधनाला सरकारने एका वर्षापुरता निधी दिला होता. तो पुढे द्यायचा की नाही, हे ठरवायला आज दिल्लीची समिती येणार होती. "थकव्याचं सोंग घेता येतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच चाचणीचे आकडे घसरले की कुणाला बोलायला जागा उरत नाही," हे संशोधन करणाऱ्या डॉ. वैदेही कर्णिक म्हणत. अडचण एवढीच, की पहिल्या दिवसानंतर बहुतेक पेशंट अंथरुणातून उठतच नसत. भिस्त आता सुरुचीवर होती.

मागे भावाच्या लग्नात ती हौसेने दिवसभर वावरली होती. त्यानंतर दोन महिने अंधाऱ्या खोलीत. आई चमच्याने पेज भरवायची. झिरोचा दिवासुद्धा डोळ्यांना सोसायचा नाही.

"सरकारी माणसं येणारेत, गबाळी जाऊ नकोस." मृणालिनीबाईंनी लेकीला खणाचा नवा कुर्ता घालायला लावला, वर अबोलीचा गजरा माळला. "आणि चेहरा जरा हसरा ठेव. आजाऱ्यासारखी काय जातेस चार लोकांत?"

"आई, आजारी आहे म्हणूनच बोलावलंय गं."

समितीतले वयस्कर डॉक्टर तिला पाहून हसले. "या पेशंट? मला वाटलं, कुणाच्या साखरपुड्याला निघाल्यात!"

डॉ. वैदेहींचा चेहरा उतरला. सुरुचीने गजरा काढून पर्समध्ये कोंबला आणि सायकलवर बसली.

थोड्याच वेळात मांड्या दगड झाल्या. डोक्यावरची ट्यूबलाइट डोळ्यांत घुसू लागली. ही खूण तिच्या ओळखीची होती.

"सुरुची, थांबायचं का? तुम्ही केव्हाही थांबू शकता," डॉ. वैदेही म्हणाल्या.

आत्ता थांबलं, तर प्रयत्नच केला नाही म्हणतील. तिने मान हलवून नाही म्हटलं. भीतीने तळवे घामेजले होते, हँडल निसटत होतं. ती पेडल मारत राहिली.

वयस्कर डॉक्टर स्क्रीनवर वाकले. "कालचे आकडे काढा," ते म्हणाले. आजचे त्याहून बरेच खाली आलेले पाहून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. या वेळी कुणी हसलं नाही.

सोबत आलेल्या मृणालिनीबाईंना तिला टॅक्सीपर्यंत व्हीलचेअरवरून आणावं लागलं. मागून डॉ. वैदेही धावत आल्या. "निधी चालू ठेवायची शिफारस करणारेत! तुमच्यामुळे!"

टॅक्सी लालबागच्या पुलावर आली.

"अगं, एवढं चांगलं झालं, काहीतरी बोल की," मृणालिनीबाई म्हणाल्या.

तिने हात उचलायचा प्रयत्न केला. बोटं हलली नाहीत.

"आई," ती कशीबशी पुटपुटली, "दिवा घालव ना."

बाहेर भर दुपारचं ऊन होतं. मृणालिनीबाईंनी पदर ओढून लेकीच्या डोळ्यांवर धरला.