आखूड तार

आईचा हीटर तुटला की दादा यायचा. एरवी त्याला वेळ नसायचा. पण कॉइल तुटल्याचा फोन गेला की स्वारी संध्याकाळी दारात हजर, खिशात पक्कड आणि चेहऱ्यावर उपकार.

त्याची दुरुस्ती ठरलेली होती. तुटलेल्या जागेची जळकी तार कापून टाकायची, उरलेली कॉइल ताणायची आणि टोक पुन्हा स्क्रूखाली आवळायचं. बटण दाबलं की हीटर लालबुंद व्हायचा, दर वेळी आधीपेक्षा जास्त. आई गुडघे पुढे करून म्हणायची, "नव्याहून चांगला केलास रे. हाताला गुण आहे तुझ्या."

तेव्हा मी तिथेच तिची चादर बदलत असायचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणतात. आमच्याकडे दोघंही तिचीच, तरी बाब्या एक आणि कार्टं एक.

मी इस्त्र्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. दिवसभर एकेक इस्त्री मीटरला लावायची, व्होल्ट बघायचे, अँपिअर बघायचे, आकडा बसला नाही तर ती बाजूला काढायची. त्यामुळे त्या लालीचं मला काही कौतुक वाटेना. एकदा दादा यायच्या दिवशी मी मीटर घरी आणला. दुरुस्ती झाल्या झाल्या तो हीटरला लावला.

"दोनशे तीस व्होल्ट आणि सहा पॉइंट नऊ अँपिअर," मी म्हणाले. "गुणाकार कर. जवळजवळ सोळाशे वॅट झाले. हा हीटर हजाराचा आहे, दादा."

"मग चांगलंच आहे की! तार कमी म्हणजे वीज कमी खाणार, आणि वर ऊब जास्त."

"उलटं आहे ते. विजेला अडवते ती तारच. दोनशे तीसला सहा पॉइंट नऊने भाग, तेहतीस ओहम येतात. नवी कॉइल पन्नासची असते. तिसरा हिस्सा तू कापून फेकलास. अडवणूक कमी, म्हणून करंट जास्त. म्हणून कॉइल जास्त तापते आणि लवकर तुटते, मग तू पुन्हा कापतोस. आणि भिंतीतला हा सॉकेट सहा अँपिअरचा आहे. हात लावून बघ, कसा तापलाय."

दादाने हात काही लावला नाही. "दोन इस्त्र्या तापवल्यास म्हणून मला शिकवायला लागलीस," म्हणाला.

आई मात्र ऐकत होती. "म्हणजे असाच ठेवला तर परत तुटेल?"

"तुटणारच."

"आणि नवी कॉइल घातली तर?"

"वर्षानुवर्षं बघायला नको."

आईने मान डोलावली. मला वाटलं, चला, पालथ्या घड्यावर या वेळी थोडं तरी पाणी थांबलं. दुसऱ्याच दिवशी मी नवी कॉइल आणून बसवली. मीटर लावून पाहिला, आकडा चोख आला. मला फार बरं वाटलं.

हीटर तुटला नाही आणि दादाही फिरकला नाही. आई कुरकुरायची, "याला पहिल्यासारखी ऊब नाही." मी तिला आणखी एक पांघरूण घालायचे.

मग एका दुपारी शेजारणीचा फोन कारखान्यात आला. सॉकेट जळला, पडद्याने पेट घेतला. शेजारणीने मेन स्विच पाडला म्हणून निभावलं. पण त्याआधी आई प्लग ओढायला गेली होती आणि तिचा तळहात भाजला होता. मी धावतपळत घरी पोचले, तर भिंत छतापर्यंत काळी झालेली, आईच्या हाताला पट्टी आणि दादा माझ्याआधी हजर.

"नवी कॉइल तूच घातलीस ना?" तो ओरडला. "मोठी मीटरवाली! मारली असतीस आईला."

मी आईकडे पाहिलं. "आई, माझ्यानंतर हीटरला कोणी हात लावला होता का?"

"कोणी नाही," आई पट्टीकडे बघत म्हणाली. "तूच सारखी खाटखूट करत होतीस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भाजलेल्या माणसाशी काय भांडणार?

दादा गेल्यावर मी राख झाडायला घेतली. खाटेखालून केरसुणीबरोबर कॉइलचा एक तुकडा बाहेर आला. जळका नव्हता, चकचकीत होता, दोन्ही टोकं नीट. मी मीटर आणला. तुकडा सतरा ओहम. हीटरमध्ये उरलेली कॉइल तेहतीस. दोन्ही मिळून पन्नास, माझी नवी कॉइल. ती तुटलीच नव्हती. धडधाकट कॉइल कोणीतरी पकडीने कापली होती.

तो तुकडा मी आईच्या मांडीवर ठेवला. "दादा येऊन गेला होता."

ती नाही म्हणाली नाही. "मीच बोलावलं त्याला. म्हटलं, पहिल्यासारखा करून दे."

"का? मी इतकं समजावलं होतं!"

"समजलं म्हणूनच तर. नवी तुटत नाही, असं तूच म्हणालीस. मग तो कशाला येईल?"

"अगं, जळून मेली असतीस! आणि नाव माझं घेतलंस?"

"त्याचं घेतलं असतं तर तो परत आला असता का?" ती म्हणाली. मग चांगला हात माझ्या हातावर ठेवून समजूत काढल्यासारखं म्हणाली, "तुझं काय, तू तर असतेसच."

थोड्या वेळाने तिला तहान लागली. उजवा हात बांधलेला, म्हणून मीच पेला तिच्या तोंडाला लावला. ते पाणी तिच्या अंगावर ओतावं असं मला फार वाटलं. ती सगळं प्यायली आणि म्हणाली, "त्याला फोन करून सांग, हीटर बंद पडलाय."