खांदमळणी न झालेला टायर

मित्रांनो, जळगावात मेहरूणकडे जाताना डाव्या हाताला एक गॅरेज लागतं. त्याच्या भिंतीला टेकून जो जुना टायर उभा आहे, तो मी. माझ्यावरून बकरीची करडं उड्या मारतात. माझ्या पोटात पाणी साठतं आणि चिमण्या ते पितात. मला मात्र स्वस्थता नाही. ती मला कधी नव्हतीच, आणि त्याला कारणही तसंच घडलं.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. रबर कुठल्या कुठल्या झाडांच्या चिकाचं, पण माझ्या आत कापसाच्या दोऱ्यांचे थर आहेत. टायरचं बळ या दोऱ्यांत असतं, वरचं रबर म्हणजे नुसतं कातडं. तो कापूस खानदेशातला होता की नाही, मला ठाऊक नाही. इथल्या जिनिंगांसमोर कापसाच्या गाड्या उभ्या दिसल्या की मला उगीच कोणी ओळखीचं भेटल्यासारखं होतं.

एकोणीसशे एकोणचाळीस साली आम्ही तिघे भाऊ जळगावला आलो. एका धर्मादाय फंडाने मोटारीमागे जोडायची लाकडी खोली बांधून घेतली होती. तिला दोनच चाकं. आत एक बुटका पलंग, औषधांचं कपाट, पाण्याची पितळी टाकी आणि मागे दार. त्या खोलीत राहून नर्सबाईने गावोगाव फिरायचं, आठ-आठ दिवस मुक्काम करायचा आणि बाळंतिणींना, पोरांना तपासायचं, अशी योजना होती. दोघे भाऊ चाकांवर चढले. मी झालो स्टेपनी. मला किंतानाची खोळ घालून मागच्या दाराशेजारी टांगलं.

टांगलेल्याला पुढचा रस्ता दिसत नाही. मागे पडलेला तेवढा दिसतो. त्यामुळे पुढे खड्डा आहे, नाला आहे की उतार आहे, हे मला कधीच आधी कळलं नाही. मी नुसता भावांच्या आवाजाकडे कान लावून असे.

मोटार चालवायला तोतारामभाऊ होते. आधी वीस वर्षं बैलगाडी हाकलेला माणूस. हात मोटारीच्या चाकावर, पण जीव अजून बैलांत. त्यांनी उजव्या टायरचं नाव ठेवलं हौश्या, डाव्याचं गवळ्या. चढ आला की ते दोघांना नावाने हाक मारत. आणि पोळा जवळ आला की त्यांच्यातला गाडीवान जागा होई.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदमळणी करतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले खांदे कोमट पाण्याने शेकायचे, तेल-तूप-हळदीने चोळायचे. तोतारामभाऊंनी ती टायरांची केली. सरकीच्या तेलाची वाटी घेऊन बसले आणि दोघांना असं चोळलं, असं चोळलं की त्यांच्यात तोंड बघावं. मुक्कामाच्या गावची माणसं जमून कौतुक करू लागली. मग काय, पोळ्यापुरतं राहिलं नाही. दर अमावास्येला गाडीवान गाडी जुंपत नाही, बैलांना विश्रांती देतो. तोतारामभाऊ त्या दिवशीही वाटी घेऊन बसू लागले.

कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘‘यानी काय वढेल शे आजून? मंग कसाले तेल?’’

मी तेव्हा फार चिडलो होतो. काम नाही म्हणून मान नाही. खोळीच्या आत धूळ खात मी भावांच्या चकाकीचा हेवा करत राहिलो.

बेचाळीसमध्ये आधीच्या नर्सबाई सोडून गेल्या आणि लताबाई आल्या. पुण्याला शिकलेल्या. यजमान युद्धावर गेलेले आणि कडेवर वर्षाची पुष्पा. तिला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ती आईबरोबरच हिंडे. प्रवासात लताबाई मोटारीत बसत नसत. मागे खोलीत, पलंगाशी, पुष्पाला मांडीवर घेऊन बसत. या बाईंची नजर सारखी भिरभिरती असे. दाराची कडी दोनदा बघत, निघताना पुन्हा एकदा बघत. औषधाच्या बाटलीचं बूच घट्ट आहे ना, टाकीला भेग नाही ना. तोतारामभाऊ त्यांच्या माघारी म्हणत, बाईंच्या मनात रोज एक गाडी उलटते.

एकदा पुष्पा रांगत जाऊन हौश्याला धरून उभी राहिली. तिचे हात काळे झाले, धुतले तरी सुटेनात. लताबाईंनी स्वतः बोट लावून पाहिलं. बोट चिकटलं. रबर असं चिकटतं का, असं त्यांनी विचारलं, तर तोतारामभाऊंनी समजूत घातली की ऊन आहे, उन्हात सगळंच चिकटतं. पटलं नाही, पण त्या गप्प बसल्या. मोटारीतलं आपल्याला काय कळतं, असं त्यांना वाटलं असावं. मीही त्या काळात हौश्याचा आवाज ऐकत होतो. त्याचा आवाज ओलसर, जड झाला होता. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण टायरला तोंड नसतं.

त्रेचाळीसच्या वैशाखात आम्ही जळगावहून निघालो. धुळ्यावरून सोनगीर आणि पुढे नरडाणा करायचं होतं. नरडाण्याला चार-पाच बायांचे दिवस भरत आले होते आणि त्यांतल्या तानुबाईची आधीची दोन बाळंतपणं वाईट गेली होती. पारोळा मागे पडला. पुष्पा नुकतीच झोपली होती. तिला पलंगावर ठेवून लताबाई कपाटाची दोरी आवळायला वळल्या, आणि त्याच क्षणी हौश्याच्या अंगावरचं रबर सालीसारखं सुटलं. मोठा आवाज झाला. खोली उजवीकडे कलंडली. पलंग तिरपा झाला, मागच्या दाराची कडी निसटली आणि दार सताड उघडलं.

मी दाराशेजारी होतो, मित्रांनो. पुष्पा घसरत माझ्याकडे आली. तिचे पाय दाराबाहेर लोंबले. खाली रस्ता पळत होता. लताबाई आडव्या पडल्या आणि पोरीचं झबलं त्यांच्या मुठीत आलं.

गाडी थांबली. पुष्पा रडायला लागली. लताबाई रडल्या नाहीत. त्यांची मूठ मात्र कितीतरी वेळ उघडेना.

तोतारामभाऊंनी रस्त्याला आणि उन्हाला दोष देत मला खाली उतरवून उजव्या बाजूला चढवलं. चार वर्षांनी मी जमिनीला टेकलो. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त दिसत होतं की गवळ्याही तसाच चकचकतो आहे. लताबाई आता पुढे मोटारीत बसल्या, पोरीला छातीशी धरून, आणि धुळ्यापर्यंत मागे वळून वळून बघत राहिल्या. भरवशाची चाकं मिळाली तर नरडाणा, नाहीतर धुळ्याहूनच राजीनामा लिहून परत, असं त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. पोरगी जिथे निजवता येत नाही, त्या खोलीत त्या राहणार कशा?

धुळ्यात आग्रा रोडवर बन्सीलाल नावाचा टायरवाला होता. लढाईमुळे नवा टायर परवान्याशिवाय मिळत नव्हता आणि परवान्याला महिने लागत. म्हणून वापरलेल्यांतूनच निवडायचा होता. बन्सीलालने आधी गवळ्याला अंगठ्याने दाबलं. अंगठा आत गेला. बाहेर काढून त्याने वास घेतला आणि तोतारामभाऊंकडे पाहिलं.

‘‘भाऊ, याला रस्त्यावर पळवायचं होतं की कढईत सोडायचं होतं?’’

दुकानातली माणसं हसली. मग बन्सीलालने सांगितलं की तेल रबराचा वैरी आहे. ते आत मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि दोऱ्यांवरची पकड सोडतं. वरून जितकं झकास दिसतं, तितकं आतून गेलेलं असतं.

तोतारामभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. पुष्पाकडे पाहिलं, पण लताबाईंकडे बघवेना. सगळा दोष अंगावर घेत खाली बघून म्हणाले, ‘‘चूक मनी शे, बाई. बठ्ठी मनी.’’

लताबाईंनी पुष्पाला दुसऱ्या कडेवर घेतलं. भाऊ तिथेच जमिनीवर बसले.

मग माझी तपासणी झाली. लताबाईंनीच विचारलं, की हा वापरलेलाच नाही म्हणजे नव्यासारखा का? बन्सीलालने मला वाकवून पाहिलं. खोळ जिथे फाटली होती तिथे उन्हाने बारीक चिरा पडल्या होत्या. तो म्हणाला, नुसतं टांगून ठेवल्याने टायर तरुण राहत नाही, पण चिरा खोल नाहीत, वर्ष-दोन वर्षं निघतील, फक्त हवा रोज बघा आणि पाण्याची टाकी अर्धीच भरा. माझा जीव भांड्यात पडला. ज्या हेळसांडीवर मी चार वर्षं चिडलो होतो, तिनेच मला तेलापासून वाचवलं होतं आणि तिनेच चिराही दिल्या होत्या.

गवळ्याच्या जागी लावायला बन्सीलालने दोन टायर काढले. एक काळाभोर, नक्षी ठसठशीत. दुसरा मळकट, राखी, नक्षी झिजलेली. दोन्ही चालतील, तो म्हणाला. लताबाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचं शिक्षण इथे उपयोगी पडत नव्हतं. शेवटी त्या बसलेल्या तोतारामभाऊंकडे वळल्या.

‘‘भाऊ, बाजारात बैल घेताना तुम्ही काय बघता?’’

भाऊंनी मान वर केली. ‘‘बाजारमा बैल चमकसच, बाई. हात लाईसन देखनं पडस.’’

‘‘मग बघा की.’’

ते उठले. काळ्याभोर टायरच्या आत कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून सावकाश फिरवू लागले, बैलाच्या कातडीखालचा जुना घाव शोधावा तसे. एका जागी बोटं थांबली. आत ठिगळ होतं आणि ठिगळाखाली दोरे तुटलेले. टायरवर नवं रबर चढवून काजळी फासली होती. बन्सीलाल ओशाळला, माल आला तसा ठेवला म्हणाला. मळकट टायरमधून भाऊंचा हात दोनदा फिरला, कुठेही अडला नाही. त्यांनी तोच बाजूला काढला.

निघायची वेळ झाली. तोतारामभाऊंनी मोटारीचं पुढचं दार लताबाईंसाठी उघडलं. लताबाईंनी पुष्पाला तिथे बसवलं, जुन्या लुगड्याच्या पट्टीने सीटला सैलसर बांधलं आणि म्हणाल्या, ‘‘ही तुमच्याजवळ. सोनगीरपर्यंत मागे मी एकटी बसते.’’

‘‘मांगे? एकल्या?’’

‘‘चाकांचं मला अंगानं कळू दे.’’

त्या माझ्या बरोब्बर वर, फळ्यांवर बसल्या. दोन्ही तळवे लाकडाला टेकवून. मित्रांनो, मी पुढे पुष्कळ ओझं वाहिलं, पण तो भार वेगळा होता. प्रत्येक खडा मला टोचला की त्यांना पोचत होता. दर मैलाला मला वाटे, आता चीर वाढेल. माझ्या जोडीचा मळकट टायर मात्र काही न बोलता चालत होता.

सोनगीरचा किल्ला दिसला आणि गाडी थांबली. लताबाई उतरल्या. वाकून आम्हा दोघांना हाताची मागची बाजू लावली, लेकराचा ताप बघतात तशी. मग पुढे गेल्या. पुष्पा तोतारामभाऊंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि ती जागी होईल म्हणून त्यांनी अख्खा रस्ता गिअर बदलण्यापुरतीच मांडी हलवली होती. मांडी इतकी अवघडली होती की त्यांना उतरता येईना.

लताबाईंनी पट्टी सोडली, पुष्पाला उचललं, मागे आणलं आणि पलंगावर निजवलं. कडी दोनदा पाहिली.

‘‘चला भाऊ,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तानुबाई वाट बघत असेल.’’

पुढची तीन वर्षं मी चाललो, बन्सीलालच्या अंदाजाहून जास्तच. मग दोरे दिसू लागले, तेव्हा लताबाईंनीच मला उतरवायला सांगितलं. एकही फेरी जास्त करू दिली नाही. त्यात मला अपमान वाटला नाही.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर आपलं माणूस झोपतं, त्याला रोज हात लावून बघा. त्याला काय मानवतं, ते जाणत्याला विचारा, आपल्याला आवडतं तेच त्याला चोळत बसू नका. आणि त्याचे दिवस भरले की वेळेवर निरोप द्या. मला हात नाहीत, म्हणून मी इथे भिंतीला टेकून नुसतं बघत असतो. रस्त्याने एखादी गाडी गेली की आधी तिची मागची चाकं बघतो, मग आत कोण झोपलं आहे ते.