ज्योतीरामच्या बाजूची बटणं

रहिमाननं दोन्ही तळवे हिरव्या बटणांवर ठेवले, पण दाबले नाहीत. पत्रा दाबणारा दोनशे टनांचा प्रेस वर तसाच थांबला.

"दाब की राव," समोरून ज्योतीराम म्हणाला. "हात काढला मी."

काढलेला दिसत होता. रोजच दिसायचा. तयार पत्रा ओढून नवा सरकवताना ज्योतीरामचा हात कोपरापर्यंत साच्यात जायचा, बाहेर यायचा, आणि रहिमान दाबायचा. तळवड्याच्या या शेडमध्ये तीन वर्षं हेच चाललं होतं. खरं तर प्रेसला बटणांच्या दोन जोड्या होत्या. चारही हात बटणांवर आले तरच तो खाली यायचा. त्यात वेळ जातो, असं सुपरवायझर दत्तोबा म्हणाले आणि ज्योतीरामच्या बाजूची बटणं रहिमाननंच तारेनं कायमची दाबून बांधली. तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं.

आज सकाळी घरात टीव्हीवर कोट घातलेली माणसं युद्ध मागत होती. स्टुडिओत एसी लावून. रहिमानचा मुलगा नदीम सीमेवरच्या चौकीत जवान होता आणि चार दिवस त्याचा फोन बंद होता. काल गल्लीतला एक जण विचारून गेला होता, "तुम्हाला काय वाटतं चाचा, झालंच पाहिजे ना?" आणि उत्तर ऐकेपर्यंत हलला नव्हता. टीव्हीसमोर त्याची बायको रोशनबी चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, चहा ओट्यावरून खाली आला, तरी तिचा हात तिरपाच.

मुलगी सादिका कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. रहिमाननं तिला विचारलं,

"लढाई करायची का नाही, कोण ठरवतं गं? लोकसभेत हात वर करतात ना?"

"आधी नाही, अब्बा. मंत्रिमंडळ ठरवतं. राष्ट्रपतींच्या नावानं हुकूम निघतो."

"आणि लोकसभा?"

"प्रश्न विचारते. खर्च मंजूर करते. आणीबाणी लावली तर महिन्याच्या आत संसदेची मंजुरी लागते. पण फौज पाठवायच्या आधी मत घेतलंच पाहिजे, असं कलम नाही."

"म्हणजे ज्याला मी उन्हात उभं राहून मत दिलं, तो?"

"त्यालाही कदाचित टीव्हीवरच कळेल."

"महिन्यानं विचारून काय करायचं? तोवर..."

सादिकानं पुस्तक मिटलं, पण बोट पानातच राहिलं.

रहिमाननं बटणांवरचे तळवे उचलले. मेन स्विच बंद केला, वळसा घालून ज्योतीरामच्या बाजूला आला आणि पक्कडीनं तार तोडली. बटणं टकटक करत वर आली. आवाज थांबला म्हणून दत्तोबा केबिनमधून बाहेर आले.

"कुणाला विचारून खोललं?"

"बांधताना कुणाला विचारलं होतं?"

"तीन वर्षांत काही झालं का? आज नग कमी पडले तर मी वर काय सांगू?"

"सांगा, ज्याचा हात आत जातो त्याचं मत घेतोय."

दत्तोबांनी ज्योतीरामकडे पाहिलं. ज्योतीराम रहिमानकडे बघत होता.

"तीन वर्षं हात घातला मी," तो म्हणाला. "तेव्हा न्हाई विचारलंस."

"चुकलो."

ज्योतीराम हसला नाही. त्यानं हातमोजे काढले, तळवे पँटला पुसले. मेन चालू झाला. रहिमाननं आपली बटणं दाबून धरली. प्रेस वरच घुमत राहिला. पलीकडे ज्योतीरामचे हात बटणांच्या वर बोटभर थांबले होते.

तेवढ्यात रहिमानच्या खिशातला फोन थरथरला. रहिमान हलला नाही. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला तरी त्यानं बटणं सोडली नाहीत. फोन थांबला. मग पुन्हा थरथरायला लागला.

"घे," ज्योतीराम म्हणाला आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी न्हाई दाबत."