आभाळ तापवणारी शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी शेगडी आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

किनांगोपच्या थंड पठारावर, बटाट्याचा व्यापारी गचांजा याच्या बैठकीच्या भिंतीत मला बांधले. त्याला पाहुण्यांवर छाप पाडायची होती. म्हणून माझे तोंड दाराएवढे रुंद, पोट खोल, आणि धुराड्याचा गळा असा की वासरू सहज वर जावे. पाहुणे "वा! वा!" म्हणत, पण अंगातला कोट काढत नसत.

काढणार कसे? जाळ माझ्यात, ऊब आभाळात! जाळ विझला की उघड्या गळ्यातून गार वारा घरात उतरे. त्यात लाकडे ओली, नुसती फुसफुसणारी. बोल मात्र गचांजाच्या बायकोला, न्यागुथीला.

"लाकूडच कमी आणतेस तू!" तो खेकसायचा.

अठरा वर्षे तिने कपाळाला पट्टा लावून पाठीवर मोळ्या वाहिल्या. एका जुलैत निसरड्या उतारावर ती मोळीसकट कोसळली. उजवा हात मोडला.

त्याच आठवड्यात पाण्याची टाकी दुरुस्त करायला मुथिगा गवंडी आला. त्याने वाकून माझ्यात डोकावले.

"अहो, ही घर नाही, आभाळ तापवते! मागची भिंत पुढे घ्या, बाजू तिरक्या करा, गळा अरुंद करून लोखंडी झाकण बसवा. लाकूड वर्षभर सुकवा. निम्म्यात भागेल."

"तोंड लहान करू? लोक हसतील!" गचांजा म्हणाला.

न्यागुथी उठली. डाव्या हाताने तिने गवंड्याचा हातोडा उचलला आणि माझ्यावर घाव घातला. कडेचा दगड निखळला. मला दुखले, पण बरे वाटले.

"हसू देत! आता मोळ्या तुम्ही आणा, वंजाचे बाबा!"

त्याने दोन दिवस आणल्या. तिसऱ्या दिवशी गवंड्याला निरोप गेला.

आता पाहुणे कोट काढून बसतात. गचांजा मिशीवर हात फिरवतो, "कल्पना माझीच!"

"हात माझा मोडला, आणि कल्पना तुमची?" न्यागुथी सर्वांदेखत विचारते.

मित्रांनो, घर गार राहिले तर लाकूड आणणाऱ्या माणसावर ओरडू नका. आधी वाकून शेगडीत बघा. मला चार दिवसांत नीट केले. न्यागुथीचा हात अजून सरळ होत नाही.